उस्मान हमदी बे आणि त्यांचा कॅमेरा

पालकहो, वकील व्हायला परदेशी धाडलेला मुलगा कुंचला घेऊन परत आला, तर आपल्या घरी काय होईल? इस्तंबूलच्या इब्राहिम एधेम पाशांच्या घरी हेच झाले. पाशा मोठे सरकारी अधिकारी, १८७७ साली ते ऑटोमन साम्राज्याचे वजीर-ए-आझमही झाले. १८४२ मध्ये जन्मलेल्या उस्मान हमदीला त्यांनी १८६० साली कायदा शिकण्यासाठी पॅरिसला पाठविले. तेथे मुलाचे मन चित्रकलेत रमले. बुलांजे आणि जेरोम यांच्या शैलीचा ठसा त्याच्यावर उमटला.

मायदेशी परतल्यावर सरकारी नोकरी आलीच. पण १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी साम्राज्यातील निरनिराळ्या प्रांतांच्या पोशाखांचा एक ग्रंथ सिद्ध झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. माणसांना पोशाख चढवून पास्कल सेबा या छायाचित्रकाराने फोटो काढले. एकूण ७४ पाने भरली. अंगरख्याची चुणी, फेट्याचा वेढा, कमरपट्ट्याची गाठ या गोष्टी किती बारकाईने पाहाव्या लागतात, हे अशाच कामातून कळते.

पुढे उस्मान हमदी स्वतःच झगा-फेटा घालून कॅमेऱ्यासमोर उभे राहू लागले. त्या फोटोंवरून चित्रातील माणूस रंगवीत. मागे मशिदीच्या फरशा, कोरीव दरवाजे, गालिचे. म्हणून अनेक चित्रांत त्यांचाच चेहरा दिसतो. कधीकधी ही माणसे जागेवर खिळल्यासारखी वाटतात, हा फोटोचा दोष मानावा लागेल. पण एक पाहा. युरोपचे बरेच चित्रकार पूर्वेकडील माणूस आळशी किंवा क्रूर रंगवीत असताना यांच्या चित्रांतील माणसे ग्रंथ वाचतात, चर्चा करतात. १८८० च्या एका चित्रात तर एक मुलगी कुराणपठण करीत आहे.

१८८१ मध्ये ते शाही संग्रहालयाचे प्रमुख झाले. १८८३ साली त्यांच्या देखरेखीखाली ललितकला विद्यालय उघडले. देशातील प्राचीन वस्तू बाहेर जाऊ नयेत म्हणून १८८४ चा कडक कायदा झाला, तोही त्यांच्याच खटपटीने. कायद्याचे शिक्षण अगदीच वाया गेले नाही म्हणायचे!

१९१० मध्ये त्यांचे निधन झाले. १९०६ साली रंगविलेले 'कासवांचा शिक्षक' हे त्यांचे चित्र २००४ मध्ये इस्तंबूलच्या पेरा संग्रहालयासाठी विकत घेतले गेले. त्यात लाल झगा घातलेला, हात पाठीमागे धरून पाला खाणाऱ्या कासवांकडे पाहणारा वृद्ध म्हणजे स्वतः उस्मान हमदीच.