तहानेलेले मूल आणि चवदार तळे

डॉ. भीमराव आंबेडकर यांचे नाव आपल्या जिल्ह्यांत कोणास ठाऊक नाही? दि. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे त्यांनी बहुत लोकांस बौद्ध धर्माची दीक्षा दिली. परंतु लहान मुलांस ठराव, खटला व घटना ही समजत नाहीत. तहान मात्र समजते. म्हणून त्यांचे चरित्र मुलांस पाण्यापासून सांगावे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी पलटणीत सुभेदार होते. कुटुंब महार जातीचे, म्हणून साताऱ्याच्या शाळेत भीमरावांस वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. नळास हात लावण्याची त्यांस मनाई होती. शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई नसला तर तहानेलेच राहावे.

पुढे ते न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून मोठे विद्वान व बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. पण तेथे जाण्यास कोणी धजेना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याबद्दल लोकांस मार खावा लागला, तळ्याचे शुद्धीकरण झाले व खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ साली लागला. पुढे बाबासाहेब घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या घटनेने अस्पृश्यता नष्ट केली व विहिरी आणि तळी सर्वांस मोकळी केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचा अंत झाला.

आता शिक्षकबंधूंनी असे करावे. आपल्याकडे पुष्कळ गावांस मामा तलाव आहेत. त्यांच्या काठची चिकणमाती आणून मुलांकडून एक लहान तळे करवावे. प्रत्येक मुलाने एक बाहुली घडवावी आणि पळसाच्या पानाचा एक द्रोण लावावा. एक बाहुली तळ्यापासून दूर ठेवून गोष्ट सांगावी. महाडचा प्रसंग आला म्हणजे मुलांनी आपापल्या हाताने सर्व बाहुल्या काठावर आणाव्या. असे केल्याने हे काम एकट्या पुढाऱ्याचे नव्हते, हजारोंचे होते, हे त्यांस उमजेल. नंतर तळ्याभोवती दहा खडे मांडावे; निकालास इतकी वर्षे लागली.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. दूर ठेवावयाची ती बाहुलीच असावी. कोणत्याही मुलास अस्पृश्याचे सोंग देऊ नये. ज्याच्या आजोबांनी हे प्रत्यक्ष सोसले, त्या मुलास तो खेळ वाटणार नाही, जखम वाटेल.

शेवटी शाळेतील माठाकडे पाहावे. तेथे प्रत्येक मूल आपल्या हाताने पाणी घेत असेल, तरच ही गोष्ट सांगण्याचा आपणांस अधिकार आहे.