राजा बख्त बुलंद

भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळ, सातपुड्याच्या रांगेतील एका टेकडीवर आंबागडचा किल्ला आहे. बुरूज, वाड्याच्या पडक्या भिंती आणि एक विहीर, एवढेच वैभव आज तेथे उरले आहे. इ. स. १७०० च्या सुमारास हा किल्ला राजखान पठाण नावाच्या सरदाराने बांधला. या सरदाराचा धनी होता देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद.

देवगड आता मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तेथील गादीविषयी भाऊबंदकी माजली, तेव्हा या राजपुत्राने औरंगजेब बादशहाकडे धाव घेतली. मदत मिळाली, पण धर्मांतराच्या अटीवर. इ. स. १६८६ मध्ये त्याला बादशहाकडून बख्त बुलंद, म्हणजे थोर नशिबाचा, हे नाव मिळाले. गोंडांशी असलेले नाते मात्र त्याने तोडले नाही. त्याच्या घराण्याच्या सोयरिकी पुढेही गोंडांतच होत राहिल्या.

या निमित्ताने त्याने दिल्ली पाहिली, असे परंपरा सांगते. शहाजहानने बांधलेल्या लाल किल्ल्यातील महालांमधून संगमरवरी पाट वाहत होता. हयातबख्श बागेत सावन आणि भादों नावाचे दोन मंडप समोरासमोर होते. तेथे पाण्याच्या पडद्याआड लहान लहान कोनाडे असत. त्यांत दिवसा फुले ठेवीत आणि रात्री दिवे लावीत. रानावनांत वाढलेल्या त्या राजाला हे सारे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करावी. परंतु त्याची दृष्टी केवळ कारंज्यांवर खिळून राहिली नाही. असे महाल ज्यांच्या हातून उभे राहतात ते कारागीर, आणि ज्यांच्या बळावर ते टिकतात ते शेतकरी व व्यापारी, यांचे मोल त्याने ओळखले.

देवगडला परतल्यावर त्याने हिंदू व मुसलमान असा भेद न करता गुणी माणसांना आपल्या चाकरीत घेतले. निरनिराळ्या प्रांतांतून कष्टाळू लोक गोंडवनात येऊ लागले. रान तोडून शेते झाली, नवी गावे वसली. माळव्यातून आलेले पोवार प्रथम रामटेकजवळच्या नगरधन येथे स्थिरावले आणि तेथून आंबागड, चांदपूर या भागांत पसरले. वैनगंगेच्या खोऱ्यातील त्यांची भातशेती आजही प्रसिद्ध आहे.

बादशहाशी त्याचे सख्य मात्र टिकले नाही. त्याने मोगलांविरुद्ध बंड केले आणि इ. स. १६९९ मध्ये तो साताऱ्यास छत्रपती राजारामांकडे मदतीसाठी गेला. संतापलेल्या औरंगजेबाने त्याचे नाव बदलून निगून बख्त, म्हणजे पालथ्या नशिबाचा, असे लिहिण्याची आज्ञा केली. दिलेले नाव परत घेण्याचा हा राग मोठा विलक्षणच म्हणावा लागेल! लोकांनी ती आज्ञा मानली नाही.

इ. स. १७०२ च्या सुमारास नाग नदीच्या काठी विखुरलेल्या बारा वाड्या त्याने एकत्र आणल्या. त्यांना राजापूर बारसा म्हणत. त्यांतूनच नागपूर शहर उभे राहिले. त्याचा वारस चांद सुलतान याने तेथे राजधानी नेली, गावाभोवती तट घातला आणि जुम्मा तलाव बांधविला. पुढे रघूजी भोसल्यांनी त्याच शहरात आपली गादी स्थापिली.

भोसल्यांच्या काळात आंबागडाचा तुरुंग झाला. बंदिवानांना आतल्या विहिरीचे दूषित पाणी पाजून मारीत, अशी गोष्ट त्या भागात सांगतात. पाहुणा किल्ल्यावर गेला म्हणजे वाटाड्या प्रथम तीच विहीर दाखवितो, आणि वाड्याच्या भिंती मागाहून.