लंडनहून आलेली रोजनिशी

१९०६ सालची गोष्ट. मुंबईहून विलायतेला निघालेल्या एका आगबोटीत अतिया फैजी नावाची एक तरुणी होती. ती हवापालटासाठी किंवा सहलीसाठी निघाली नव्हती. लंडनमध्ये शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी तिला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. त्या काळी मुलींनी शाळेत जाणेही अनेकांना पसंत नव्हते. मग शिकण्यासाठी समुद्रापलीकडे जाणे ही तर फारच मोठी गोष्ट होती.

अतियाबेगम यांचा जन्म १८७७ साली तुर्कस्तानातील इस्तंबूल शहरात झाला. त्यांचे वडील हसनअली हे व्यापारी होते. व्यापारासाठी ते तेथे राहत असत. हे कुटुंब सुलेमानी बोहरा समाजातील होते आणि मुंबईच्या प्रसिद्ध तय्यबजी घराण्याशी त्यांचे नाते होते. १८८७ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. मुलींना शिकवले पाहिजे, असे या घराण्यातील वडीलधाऱ्यांचे मत होते. त्यामुळे अतिया आणि त्यांच्या बहिणी जोहरा व नाजली या तिघींनाही शिक्षणाची गोडी लागली. पुढे नाजलीबेगम यांचा विवाह जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांच्याशी झाला. त्यामुळे या कुटुंबाचा कोकणाशीही जवळचा संबंध आला.

या घराण्यात एक सुंदर रिवाज होता. घरात एक वही ठेवलेली असे. लहानमोठ्या सर्वांनी तिच्यात घडलेल्या गोष्टी लिहायच्या. कोण आले, कोण गेले, काय पाहिले, काय वाटले, हे सारे त्या वहीत उतरत असे. पाहिलेले लिहून ठेवण्याची सवय अतियाबेगमना अशी घरातच लागली. ही सवय त्यांना परदेशात फार उपयोगी पडली.

लंडनमध्ये त्यांनी मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात प्रवेश घेतला. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करणारी ही संस्था १८७८ साली सुरू झाली होती. तेथील जीवन त्यांना अगदी नवे होते. घरी दिमतीला नोकरचाकर असत. येथे घड्याळाच्या काट्यावर उठायचे, वेळेवर वर्गात हजर राहायचे आणि आपला अभ्यास आपणच करायचा. थंडी आणि धुके यांची सवय नव्हती. घरची आठवण येई. तरी त्यांनी आपली देशी वेशभूषा सोडली नाही. डोके झाकलेले, पण चेहरा उघडा ठेवून त्या सगळीकडे वावरत. लोक वळून पाहत, पण त्या संकोचून घरात बसल्या नाहीत.

रोज जे दिसे ते त्या लिहून काढीत आणि बहीण जोहरा यांना पाठवीत. त्या काळी लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' नावाचे स्त्रियांचे उर्दू साप्ताहिक निघत असे. १८९८ साली सुरू झालेल्या या साप्ताहिकाच्या संपादिका मुहम्मदी बेगम होत्या. अतियाबेगमची रोजनिशी त्यात क्रमाक्रमाने छापली जाऊ लागली. पडद्यात राहणाऱ्या ज्या स्त्रियांनी आपल्या गावाची वेस ओलांडली नव्हती, त्यांना घरबसल्या जहाज दिसले, लंडन दिसले, मुलींचे कॉलेज दिसले. शिष्यवृत्ती एकीला मिळाली होती, पण प्रवास मात्र अनेकींना घडला.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तय्यबजी घराण्याची मूळची बोली गुजराती. उर्दू ही त्या घराण्याने पुढे प्रयत्नाने आपलीशी केलेली भाषा. तरीही अतियाबेगमनी आपले अनुभव उर्दूतच लिहिले. आपली भाषा पंडितांसारखी नाही, म्हणून त्या लिहायच्या थांबल्या नाहीत. नवी भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाने त्यांचा हा गुण घेण्यासारखा आहे.

लंडनमध्ये त्यांची अनेक नामवंतांशी ओळख झाली. उर्दूच्या पुस्तकांतून तुमच्या परिचयाचे झालेले कवी इक्बाल त्या वेळी केंब्रिजला शिकत होते. १९०७ च्या एप्रिल महिन्यात त्यांची आणि अतियाबेगमची भेट झाली. दोघांमध्ये काव्य आणि तत्त्वज्ञान यांवर चर्चा होत असे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अतियाबेगम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गेल्या. तेथे इक्बाल जर्मन भाषा शिकत होते. पुढे १९४७ साली अतियाबेगमनी इक्बाल यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यांची पत्रेही त्यात छापली.

पण ज्या कामासाठी त्या गेल्या होत्या, ते पूर्ण झाले नाही. त्यांची प्रकृती ठीक राहत नव्हती. सुमारे एक वर्षानंतर, १९०७ साली, अभ्यासक्रम अर्धवट सोडून त्या मायदेशी परतल्या. हाती प्रमाणपत्र नव्हते. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून गेलेल्या विद्यार्थिनीला ही गोष्ट सोपी नसणार. परीक्षेच्या निकालावरूनच माणसाची किंमत ठरवायची असती, तर अतियाबेगमचे ते वर्ष वाया गेले, असेच म्हणावे लागले असते.

तसे मात्र झाले नाही. जोहराबेगम यांनी ती रोजनिशी जपून ठेवली. १९२१ साली ती 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. या नावाचा अर्थ आहे, शिकण्याचा काळ. अतियाबेगमही स्वस्थ बसल्या नाहीत. १९१२ साली त्यांचा विवाह पुण्यात जन्मलेले चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी झाला. अतियाबेगमनी भारतीय संगीताचा अभ्यास केला आणि १९१४ साली त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. १९२० नंतरच्या दशकात अलिगढच्या एका शैक्षणिक परिषदेत पडद्याबाहेर येऊन, भरसभेत त्यांनी स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडली. एके काळी लंडनच्या रस्त्यांवर न संकोचता चालणारी विद्यार्थिनी आता आपल्या माणसांसमोर न घाबरता उभी होती.

फाळणीनंतर १९४८ साली अतियाबेगम आपल्या पतीसह कराचीला गेल्या. त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. १९६७ साली कराची येथे त्यांचे निधन झाले. काही काळ लोक त्यांना विसरले होते. पण २०१० साली त्यांच्या रोजनिशीचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. शंभर वर्षांपूर्वीची एक मुंबईकर मुलगी लंडनमध्ये कशी राहिली, हे जगभरचे वाचक पुन्हा वाचू लागले.

कॉलेजचे प्रमाणपत्र ज्याला मिळते, त्याच्याच उपयोगी पडते. अतियाबेगमनी ते आणले नाही. त्यांनी जे पाहिले, ते मात्र ज्यांना पाहता आले नाही त्यांच्यापर्यंत पोहोचवले. परदेशात काढलेल्या त्या एका वर्षाची हीच खरी कमाई होय.