मिस नाइटिंगेल व त्यांच्या शिकाऊ परिचारिका

रात्री हाती दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई शब्बाथशाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. त्यांनी परिचारिकांना विचार करायला शिकवले, ही गोष्ट मात्र आपण क्वचितच सांगतो.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीत, एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. १८३७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी पाचारण केले अशी त्यांची खात्री झाली. घरच्यांचा विरोध पुष्कळ वर्षे टिकला. १८५१ साली त्या जर्मनीत कायझर्सवर्थ येथे पाळक फ्लीडनर यांच्या डीकनेस-संस्थेत तीन महिने शिकल्या.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ३८ स्त्रियांना घेऊन त्या तुर्कस्तानात स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या. तेथे जखमांपेक्षा हगवण, कॉलरा व ज्वर यांनीच अधिक शिपाई मरत. अपुरे अन्न आणि आजाऱ्यांना आणण्यात झालेला उशीर हे कारण असावे, असे बाईंना वाटे. मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेल्या आरोग्य मंडळाने गटारे साफ करवली, खोल्यांत हवा खेळवली, आणि मृत्यू झपाट्याने घटले. युद्धानंतर विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर हिशेब मांडताना बाईंना दिसले की, आपण रात्रंदिवस राबलो त्याच इस्पितळातील घाण व गर्दी यांनी माणसे मारली. इंग्लंडभर नाव गाजत असताना हे पत्करणे सोपे नव्हे. त्यांनी ते पत्करले, आणि १८५८ साली आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले.

९ जुलै १८६० रोजी लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांची शाळा सुरू झाली. चांगली झोप लागली का, असे आजाऱ्याला विचारू नये. किती तास लागली, रात्रीच्या कोणत्या वेळी लागली, हे विचारावे, असे त्यांनी आपल्या पुस्तकात बजावले होते. आम्हीही आजाऱ्यांच्या भेटीला जातो तेव्हा बरे वाटते ना, एवढेच विचारतो. तो मान डोलावतो आणि आम्ही प्रार्थनेला लागतो!

पण शाळा काढली म्हणजे शिक्षण होतेच असे नाही. १८७२ च्या सुमारास बाईंनी बारकाईने चौकशी केली, तेव्हा ज्या डॉक्टरांना व्याख्यानांचे पैसे मिळत होते ते कित्येक वर्षे व्याख्यानेच देत नव्हते, असे उघडकीस आले. मग शल्यवैद्य क्रॉफ्ट यांची नेमणूक झाली. व्याख्याने व परीक्षा नियमित सुरू झाल्या. शिकाऊ मुलींनी रोजनिशी व आजाऱ्यांची टिपणे लिहायची, ती बाई स्वतः वाचत, आणि एकेकीला घरी बोलावून तिने काय पाहिले, काय ताडले, हे विचारत.

१३ ऑगस्ट १९१० रोजी बाई वारल्या. त्यांच्या कबरीवर नावाची फक्त आद्याक्षरे आहेत.