कल्याणचे प्रकाशकथाकार

आज इमारतींच्या भिंतींवर संगणकाने प्रकाशचित्रे खेळवतात. आपण मुलांना घेऊन ती बघायला जातो. मुलुंडच्या पुढे, कल्याणात, महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्येच पडद्यावर असा खेळ मांडला होता. नाव ठेवले शांबरिक खरोलिका. शंबर हा पुराणातला मायावी असुर. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग. काचा भराभर बदलल्या की चित्र हलल्याचा भास होई. जोडीला निवेदन असे, मदतीला विनायक आणि रामचंद्र हे मुलगे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत ल्युमिएर बंधूंचा सिनेमा आला. एकेक काच रंगवणाऱ्या हातांसमोर आता यंत्र उभे राहिले. तरीही पटवर्धनांनी पुढे कित्येक वर्षे दिवा विझू दिला नाही. नव्या रोषणाईला टाळ्या वाजवताना त्या दिव्याचीही आठवण असावी.