जिम रीव्ह्ज : टेपवरचा तो मऊ आवाज

इंग्रजीच्या तासाला सर टेपरेकॉर्डर घेऊन यायचे, हे आपल्या बॅचला आठवत असेलच. व्याकरण बाजूला ठेवून ते एक गाणे लावत आणि प्रत्येक शब्द नीट ऐकायला सांगत. मराठी माध्यमातल्या आपल्याला परदेशी गाण्यातला शब्द न् शब्द पहिल्यांदा कळला तो जिम रीव्ह्जमुळे. हा गायक जाऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती, हे मात्र आपल्याला ठाऊक नव्हते.

जिम यांचा जन्म 20 ऑगस्ट 1923 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या एका खेड्यात झाला. वडील ते तान्हे असतानाच गेले. आईने शेतात राबून मुले वाढवली. जिम यांना व्हायचे होते बेसबॉलपटू. सेंट लुईस कार्डिनल्सच्या कनिष्ठ संघात ते चेंडूफेक करत, पण पायाच्या नसेला दुखापत झाली आणि खेळ सुटला. मग रेडिओवर निवेदकाची नोकरी धरली. एका रात्री ठरलेला गायक आला नाही म्हणून यांनाच गायला उभे केले, अशी हकिकत सांगतात. 1953 मध्ये ‘मेक्सिकन जो’ गाजले.

सुरुवातीला तेही इतरांसारखे खड्या आवाजात गात. पुढे 1957 च्या ‘फोर वॉल्स’मध्ये ओठ माइकच्या अगदी जवळ नेऊन, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसे ते गायले. ‘हील हॅव टू गो’ने हा आवाज जगभर पोचवला. दक्षिण आफ्रिकेत तर त्यांनी आफ्रिकान्स भाषेतही गाणी गायली. आपल्याकडे मुंबई-गोव्यापासून ईशान्य भारतापर्यंत त्यांच्या रेकॉर्ड घरोघर वाजल्या.

दौऱ्यांच्या धावपळीतून त्यांना विमान चालवण्याचा नाद लागला. 31 जुलै 1964 रोजी जमिनीच्या एका व्यवहारासाठी आर्कान्सामध्ये जाऊन ते नॅशव्हिलला परतत होते. विमान एका इंजिनाचे, छोटे बीचक्राफ्ट डेबोनेर. चालवत होते स्वतः जिम, आणि सोबत पियानोवादक व व्यवस्थापक डीन मॅन्युएल. विमानतळ काही मैलांवर आला असताना समोर गडगडाटी वादळ उभे राहिले. नियंत्रण कक्षाशी बोलणे चालू होते, आपण मुसळधार पावसात आहोत हे त्यांनी कळवले. त्यानंतर संपर्क तुटला.

अशा ढगात जमीन दिसेनाशी झाली की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाच माणसाला फसवते. विमान हळूहळू वळत खाली जात असते आणि चालकाला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. तेव्हा मनाचा कौल बाजूला ठेवून फक्त समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवावा लागतो. त्याला वेगळा सराव लागतो. जिम बाहेर पाहून उडणारे वैमानिक होते. घर इतके जवळ असताना माघारी फिरणे किती जड गेले असते, हे आपणही समजू शकतो.

ब्रेंटवुडजवळच्या दाट झाडीत विमान कोसळले. शेकडो लोक शोधायला निघाले, त्यांत नॅशव्हिलचे गायक मित्रही होते. 2 ऑगस्टला अवशेष सापडले. दोघेही गेले होते. जिम यांना एकेचाळीस पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते.

पत्नी मेरी यांनी मागे राहिलेली ध्वनिमुद्रणे जपून एकेक बाहेर काढली. त्यातलेच ‘डिस्टंट ड्रम्स’ 1966 मध्ये ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. 1967 मध्ये कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले. आणि आणखी बऱ्याच वर्षांनी तोच आवाज सरांच्या टेपवरून आपल्या वर्गात आला.

मित्रमैत्रिणींनो, मेळाव्याहून परतताना घाटात पाऊस गाठेल तर गाडी बाजूला लावून थोडे थांबा. घर जवळ आले असले तरी थांबा. उशीर झाला तर घरचे रागावतील, एवढेच.