छोट्या रेघांचा ऑयलर

मॅथ्सच्या पेपरात ऑयलरची मेथड आली की आपण टेबल भरतो, मार्क घेतो आणि विसरतो. मला मात्र त्या टेबलामागचा माणूस जास्त आवडला.

लिओनार्ड ऑयलर १७०७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जन्मला. विसाव्या वर्षी, म्हणजे आपल्याच वयात, तो रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला नोकरीसाठी गेला. तिशीत उजवा डोळा अधू झाला. मधली पंचवीस वर्षं बर्लिनमध्ये काढून १७६६ साली तो परतला आणि दुसरा डोळाही गेला. १७७१ साली आगीत घर जळालं. तरी तो तोंडी गणितं सांगत राहिला आणि मुलं, सहकारी ती लिहून घेत राहिले.

त्याची मेथड १७६८ च्या इंटिग्रल कॅल्क्युलसच्या ग्रंथात आहे. अख्खा वक्र माहीत नसतो. माहीत असतो फक्त आपण उभे आहोत तो बिंदू आणि तिथला उतार. त्या दिशेने छोटी सरळ रेघ मारायची, टोकाला नवा उतार काढायचा, पुढची रेघ जोडायची. समजा, उतार नेहमी उंचीइतकाच आहे आणि सुरुवातीची उंची १. एवढंच अंतर आडवं जायला एकच रेघ मारली तर उंची २ येते, दोन मारल्या तर २.२५, दहा मारल्या तर २.५९. खरं उत्तर २.७१८, म्हणजे ऑयलरचाच ‘ई’!

१८ सप्टेंबर १७८३ रोजी तो गेला. त्या दिवशीही युरेनसच्या कक्षेवर बोलणं चाललं होतं. मित्रांनो, पुढचं सगळं दिसत नसलं तरी पाऊल टाकता येतं. फक्त ते लहान हवं, म्हणजे चूकही लहान राहते.